साडेसहाचा मिसकॉल

५ फेब्रुवारी २००६

आला एकदाचा! हणमंता आणि भाग्यश्री दुपारी येऊन फोन देऊन गेले. माझा फोन! साबणाची अर्धी वडी असते ना, तेवढा. ठसठशीत बटणं, बोटभर काच, आणि डोक्याला बॅटरी — उजेडाची. फोटो निघत नाही, गाणं लागत नाही.

हणमंताच्या फोनात गाणी आहेत, फोटो आहेत, काचेवर रंगीत मासे पोहतात. काय थाट! दिवसातून दोनदा भिंतीला बांधावा लागतो, खोंडाला दाव्याला बांधतात तसा. मला म्हणाला, "तुला साधा आणलाय आई. सुषमाच म्हणली, आत्यांना सोप्पा घ्या, सगळ्यात सोप्पा." व्वा सूनबाई! सासूची अक्कल बरोबर जोखली. पण रुसायला वेळ कुणाला होता? मी आधी फोन शेळ्यांना दाखवून आले.

भाग्यश्री आठवीत आहे, शिकवते मात्र हेडमास्तरासारखी. "आज्जे, दोनचं बटण दाबून धर — बाबा. तीनचं दाबून धर — सोजरा आज्जीची राजश्री, दौंडची. हिरवं म्हंजी घे, लाल म्हंजी ठेव. बाकी कशाला हात लावायचा न्हाई." नातीनं चार बटणांत संसार बसवला.

आणि फोन चालू केला की काचेवर मालकांचं नाव येतं! कार्टीनं आजोबांचं नाव घातलंय त्यात. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी जे नाव तोंडानं घेतलं नाही ते आता फोन घेतो. मी बंद करून परत चालू केला. चारदा.

पण हे सगळं फुकटची माया नाही. करार आहे. हणमंता म्हणाला, "तू हितं वस्तीवर एकटी. रोज सकाळी साडेसहाला मला मिसकॉल द्यायचा. सातला शिफ्ट हाय, त्याआधी फोन गेटवर जमा करावा लागतो, आत चालत न्हाई. मी कापला की समजायचं मिळाला. एक दिवस जरी चुकला, तर गाठोडं बांधायचं आन् कारेगावला यायचं. शेळ्या इकायच्या."

कारेगावला यांची एक खोली आणि एक मोरी. मी झोपणार टीव्हीच्या पायथ्याशी. खिडकी उघडली की दुसऱ्याची खिडकी. आणि शेळ्या विकायच्या म्हणे!

कैद्याची हजेरी चुकली तर तो पळालेला असतो. माझी चुकली तर मला आत टाकणार. बरा कायदा आहे.

६ फेब्रुवारी

दिला मिसकॉल. त्यानं कापला. मग परत फोन वाजला, मी हिरवं दाबलं, म्हटलं, "बोल बाबा."

"अगं, मी मिसकॉल मिळाल्याचा मिसकॉल देत हुतो! मिसकॉल उचलायचा नसतो आई!"

वाजतंय ते उचलायचं नाही. उद्या दार वाजलं तर उघडायचं नाही, आणि पाहुण्यानं समजायचं, म्हातारी आहे घरात, चला माघारी. छान धर्म आहे.

९ फेब्रुवारी

तीन दिवस बिनचूक. साडेसहाला दोन दाबून धरायचं, एकदा वाजतं, तो कापतो. झालं. माझं जिवंत असणं आता एवढंसं आहे — टुर्र.

सोजराबाई रोज त्या वेळेला चहाला येते. शेजारची वस्ती तिची. मांडी घालून बसते आणि फोनकडे बघते, जसं काही अंडं फुटून पिल्लूच येणार आहे. काल म्हणाली, "तानूबाय, ह्यो उचलीत का न्हाई?" मी म्हटलं, "हुशार माणसं उचलीत न्हाईत." तिला पटलं.

मिसकॉल मिसकॉल करतात, जसा काय कंपन्यांनीच शोधला. आम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरायचो, तेव्हा मालक टेकाडावर आणि मी खाली तळावर, चूल मांडून. त्यांची एक हाळी आली म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे भाकरी घेऊन ये. तीन म्हणजे लांडगा. मी उत्तर म्हणून परात वाजवायची. सगळा संसार तसा केला. एकदाही रेंज गेली नाही.

हे लिहितेय भाग्यश्रीच्या गेल्या वर्षीच्या भूगोलाच्या वहीत, मागची पानं कोरी होती. माझी शाळा दुसरीपर्यंत. मग म्हातारपणी साक्षरतेचा वर्ग. तिथल्या बाई सांगायच्या, रोज दोन ओळी लिहा, नाहीतर अक्षर गंजतं. बोलताना हाय, लिहिताना आहे — हेही त्यांचंच.

१० फेब्रुवारी

मिळाला. कापला. मी आहे.

१९ फेब्रुवारी

पोपटरावांनी फोन घेतला. वरच्या मळ्यातले पोपटराव. फोन कसला, पाटाच आहे. कमरेला कातडी पाकीट, त्यात फोन, आणि हात सारखा तिथं. आधी मला वाटलं पाठ धरली असेल.

"तानूमावशी, ह्याच्यात कॅमेरा हाय. तुमचा फोटू काढू का?"

काढला. मी मंगी शेळीला धरून उभी राहिले. दाखवला तर त्यात मी अर्धी आणि शेळी पूर्ण. म्हणाले, "ऊन लागलं." मी म्हटलं, "शेळीला न्हाई लागलं!"

रेंज मिळत नाही म्हणून ते पाण्याच्या टाकीवर चढून बोलतात. सगळ्या वस्तीला कळतं की कांद्याला काय भाव आला. माझा फोन चुलीपाशी लागतो, गोठ्यात लागतो. गरिबाघरचा आहे ना, कुठंही जेवतो.

२६ फेब्रुवारी

सुषमा आली होती दिवसभरासाठी. सूनबाईंचं एकच दुखणं — ऑईल. "आत्या, ह्यांच्या कपड्याचं ऑईल निघता निघंना. रॉकेलात भिजवलं, सोडा घातला. घासून घासून माझं हात गेलं." जेवताना ऑईल, भांडी घासताना ऑईल. मी मेंढरांची लोकर काढताना मळलेले कपडे चाळीस वर्षं धुतले, पण मी कुठं भाषण केलं? जाताना फोन हातात घेऊन बघितला, पुसला आणि परत दिला. म्हणाली, "बरं झालं साधाच घेतला." म्हणजे परत टोमणा!

५ मार्च

वीज दिवसाला दहा तास जाते. पोपटरावांचा पाटा सकाळीच मेला. टाकीवर चढून मग लक्षात आलं. तसेच खाली उतरले आणि माझ्या दारात. "मावशी, टँकरवाल्याला एक फोन करू का?"

केला की! अर्ध्या वडीवरून केला. चार दिवसांत मी त्याला वायर लावली नव्हती, तरी दोन काड्या शिल्लक. कमरेचं पाकीट मात्र तसंच होतं हं, रिकाम्या म्यानासारखं.

मी विचारलं, "मासं पोहतात का हो तुमच्या फोनात?"

"न्हाई. मोर हाय."

"मग त्याला म्हणावं टँकर बोलीव."

१५ मार्च

होळीला हणमंता एकटाच आला. पोळी दीड खाल्ली. एरवी चारला मोजदाद नसते. म्हणाला, "ओव्हरटाईम लई हाय. दमायला हुतं." बोलला कमी, शेळ्यांच्यात बसला जास्त. मंगी व्यायला झालीय, तिच्या पोटावरून हात फिरवत होता. गाठोड्याचा विषय काढला नाही. मी पण कशाला काढू?

२२ मार्च

मेले! आज मेलेच होते!

मंगी पहाटेपासून अडली होती. साडेसातला दोन पिल्लं टाकली, एक काळं, एक कबरं. हात धुतले आणि आठवलं — मिसकॉल! घड्याळात आठ. आता हणमंता कंपनीत, फोन गेटवर जमा. संपलं. गाठोडं.

तरी दोन दाबलं. म्हटलं, निदान संध्याकाळी बघेल. तर काय — एकदा वाजला न वाजला तोच कापला!

दिवसभर वाट बघितली. कुणी आलं नाही, कुणी रागावलं नाही.

पण मग कापला कुणी? आत चालत नाही म्हणाला होता. गेटवरच्या वॉचमनला सांगून ठेवलंय की काय, म्हातारीचा आला की कापत जा म्हणून? का साहेब झाला हणमंता? साहेबांना चालत असेल. होऊ दे बाई. विचारायचं नाही. विचारलं तर उशीर झाल्याचं निघेल.

२३ मार्च

साडेसहा. मिळाला. कापला. कबरं पिल्लू माझ्या पदराला चघळतंय.

२ एप्रिल

सोजराबाई सकाळीच रडत आली. राजश्रीला दिवस भरले. जावई रेल्वेत, ड्युटीवर. सासू नाही. "मला दौंडला जायाचंय, पर मी एकली कवा गेली न्हाई. न्हावऱ्याला उतरायचं, मग चौफुला, मग दौंड. वाटंत चुकले तर?"

मी म्हटलं, "चुकलीस तर तीन दाबून धर."

आणि दिला फोन. तिच्या कमरेच्या पिशवीत घालून वर गाठ मारली. द्यायला जड गेला, खोटं कशाला लिहू? एसटी हलेपर्यंत पिशवीकडेच बघत होते. पण तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण. आणि माझं काय, तळेगावात चौकात रुपयाचं डबडं आहे. नाणं घालायचं, नंबर फिरवायचा, त्यानं कापला की नाणं खाली माघारी येतं. नंबर पाठ आहे. रोज सकाळी चालत जाईन. दीड कोस काय मोठं? मेंढरांमागं घाट उतरलेले पाय आहेत.

३ एप्रिल

पाय होते.

डबड्याकडे निघाले, पाटाच्या कडेला चिखलात घसरले. उजवा घोटा कलिंगडाएवढा. पोपटराव मळ्यात होते म्हणून बरं. जीपमध्ये घालून तळेगावच्या डॉक्टरकडे नेलं. प्लास्टर. महिनाभर खाटेवर. पोपटराव म्हणाले, "हणमंताला कळवतो." मी म्हटलं, "कळवाल तर माझी शपथ हाय!" त्यांची बायको दोन वेळा भाकरी आणतेय, शेळ्या त्यांचा गडी सोडतोय.

पण शपथ घालून उपयोग काय? आज मिसकॉल गेला नाही. दुपारपर्यंत येईल हणमंता, गाडीचा हॉर्न वाजवत. गाठोड्यात काय काय घालायचं ते मनात लावून ठेवलं. मंगीकडे बघवत नाही.

४ एप्रिल

आला नाही.

काल नाही, आज नाही! दोन दिवस आईचा मिसकॉल नाही आणि लेक ढिम्म! करार केला कुणी? मोठ्या तोंडानं म्हणाला, एक दिवस जरी चुकला तर. इथं म्हातारी पाटात वाहून गेली असती तर बाराव्याला आला असता. साहेब झाला ना!

येऊ नये असंही वाटतं. आला नाही म्हणून रागही येतो. तंगडं वर टांगून एवढंच काम.

५ एप्रिल

पोपटराव धावत आले. धावत म्हणजे कमरेचा पाटा एका हातानं धरून. "मावशी, सोजराबाईचा फोन आला हुता. मुलगी झाली! बाळ-बाळंतीण खुशाल!"

मुलगी! मी खाटेवरच टाळ्या वाजवल्या. पोपटरावांच्या बायकोला गूळ वाटायला लावला.

"आन् निरोप दिलाय — तानूबायला म्हणावं काळजी करू नगं, तुझा मिसकॉल मी रोज साडेसहाला देतीया. दोन दाबून. हणमंता कापतुया."

घ्या!

म्हणजे मी इथं पाय मोडून पडलेय, आणि दौंडच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून सोजराबाई रोज माझ्या लेकाला कळवते की मी ठणठणीत आहे. रोज चहा पिता पिता सगळं बघत होती बया, मला वाटलं अंडं उबवते! एवढी हसले की प्लास्टर दुखलं.

आणि हणमंतावर उगीच दोन दिवस जीभ चालवली. पानं फाडावीत का? राहू देत. बोललेलं माघारी घेतलं असं इथंच लिहिते.

आता बेत असा. महिनाभर सोजरानं दौंडहून मिसकॉल द्यावा. प्लास्टर निघालं की तिनं यावं. हणमंताला पत्ता नाही. शेळ्या इथंच. मंगे, वाचलीस!

७ एप्रिल

बेत दोन दिवस टिकला.

आज दहाच्या सुमाराला अंगणात हणमंता. घामानं निथळतोय. गाडी नाही, शिक्रापूरहून मिळेल त्या जीपनं आला. मला सहज फोन केला म्हणे, तर उचलला सोजराबाईनं! "तानूबाय हितं न्हाई, मी दौंडात हाय," असं सांगून तिनं ठेवून पण दिला. चार पाच दिवस मिसकॉल दौंडहून येत होते हे त्याला कळलं आणि तो तसाच पळाला.

माझा पाय बघून खालीच बसला. मी ठरवलं, आपणच आधी बोलावं. "मिसकॉल एक पण चुकला न्हाई हं. करारात कुठं लिवलंय की माझ्याच बोटानं पायजे?"

हसला नाही. मग मी नीट बघितलं. मेंढकी बाई, माझी नजर आधी पायांकडं जाते. कंपनीचा ड्रेस अंगात, हातात जेवणाचा डबा, आणि पायात चपला. कंपनीत बुटाशिवाय आत घेत नाहीत, हे त्यानंच सांगितलं होतं. शुक्रवार, सकाळचे दहा, आणि हा शिक्रापूरच्या स्टँडवर काय करत होता?

"बूट कुठं हायेत तुझं?"

"जमा केलं."

"कवा?"

"होळीच्या आदल्या दिशी." त्यानं डबा खाली ठेवला. "आम्हा साठ जणांना काढलं आई. दुसरीकडं बघतोय, मिळंना. सुषमाला सांगितलं न्हाई. सकाळी डबा घेऊन निघतो. कवा शिरूरच्या स्टँडवर बसतो, कवा नदीच्या पुलाखाली. शिफ्ट सुटायच्या टायमाला घरी."

मी म्हटलं, "म्हंजी त्या दिवशी आठ वाजता..."

"मीच कापला. पुलाखाली हुतो." डब्याच्या कडीशी खेळत म्हणाला, "तुझी रिंग वाजली की घरातनं निघायचं. तेवढं साडेसहाचं एकच काम राह्यलं हुतं बघ."

आणि मला वाटलं होतं हजेरी माझी आहे.

खिशातून फोन काढला तर — अर्धी वडी! माझ्यासारखाच, बॅटरीवाला. "मासं कुठं गेलं?" मी विचारलं. "मासं इकलं," म्हणाला. "सुषमाला सांगितलंय रिपेरीला हाय. पर आई, खरं सांगू? ह्योच बरा. पाच पाच दिवस चालतो. दिवसभर बाहीर बसणाऱ्याला ह्योच पायजे." तेव्हा कुठं थोडं हसला. मी पण.

डबा उघडून दोघांनी खाल्ला. मेथीची भाजी, वरून शेंगदाण्याची चटणी, आणि गुळाचा खडा वेगळा कागदात. बेकाराचा डबा एवढा साग्रसंगीत! बिचारीला काही माहीत नाही, रोज पहाटे उठून कंपनीसाठी भरते.

मी म्हटलं, "आता करार माझा. आज घरी जायाचं आन् सुषमाला सांगायचं. सांगून झालं की कारेगावच्या चौकातल्या डबड्यातनं मला मिसकॉल द्यायचा. एक दिवस जरी चुकला, तर गाठोडं बांधून मीच येते कारेगावला, लंगडत, सगळ्या शेळ्या घेऊन." या धमकीला मात्र घाबरला.

स्वतःचा फोन माझ्या उशाशी ठेवून गेला. सूनबाई काय म्हणतील? ऑईलसाठी एवढं भाषण, तर ह्याच्यासाठी केवढं! पोराला एकट्याला पाठवायला नको होतं. पण पाय...

पाच वाजले. सहा वाजले. वाजत नाही.

८ एप्रिल

आज सकाळी साडेसहाला वाजला. डबड्याचा नंबर. कापायचं लाल बटण ठाऊक आहे मला. हिरवं दाबलं.

सुषमा होती. "आत्या, त्यांनी रात्री सांगितलं. मला होळीपासनं ठाऊक हुतं. कपड्याला ऑईल लागंना झालं."

"मग डबा का भरायचीस गं?"

"उपाशी बसले असते की पुलाखाली. तुमची रिंग आली की जरा हसायचे, मगच निघायचे. ते मोडायचं न्हवतं मला. फोन घेतानाच मी तुम्हाला सोप्पा घ्या म्हणले हुते — रिंग चुकायला नगं. आत्या, भाग्यश्रीची परीक्षा झाली की आम्ही तिघं तिकडंच येतो. शेळ्या इकू नगा, मला धार काढायला शिक..."

रुपया संपला.

मिसकॉल उचलायचा नसतो म्हणे!